भिंतीपलीकडचा वर्ग

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि मास्तर असल्यामुळे मनातल्या मनात गुणही देतो. पांढरी साडी, अमावास्या, घाटात बंद पडलेली गाडी... अशांना मी काठावर पास करण्यापलीकडे कधी गेलो नाही. दर विज्ञान दिनाला लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवणारा आणि मग त्यातली युक्ती मुलांना शिकवणारा माणूस मी. आमच्या गावात कुणाच्या अंगात यायचं असलं तरी लोक आधी गुरुजी आसपास आहेत का ते बघून घेतात म्हणे. तर अशा माणसाने इथे लिहायला बसावं ही नामुष्कीच. पण हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि घरी सांगायला कुणी नाही. म्हणून लिहितोय.

तळा तालुक्यात, एस.टी. जिथून वळून परत जाते त्याच्याही थोडं पुढे, आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंत. दोन खोल्या, मध्ये एक भिंत, पुढे लांब पडवी. एका खोलीत तिसरी-चौथी घेऊन मी बसायचो आणि पलीकडे पहिली-दुसरी घेऊन सुनंदा. सुनंदा म्हणजे माझी बायको. नवरा-बायको दोघेही शिक्षक असले की एका तालुक्यात यायला किती खेटे घालावे लागतात ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. आम्हाला तर एक शाळाच मिळाली. गुरुजी-बाईंनी संसार शाळेतच मांडलाय, असं गाव आमची टिंगल करायचं, आणि ते खरंच होतं.

दोन शिक्षकांच्या शाळेत एकाला बाहेर जावं लागलं की दुसऱ्याने पडवीत, दोन्ही दारांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोन्ही वर्ग सांभाळायचे. दर वेळी उठून सांगायला कोण जाणार? म्हणून सुनंदाने खूण ठरवली होती. डस्टरची लाकडी पाठ मधल्या भिंतीवर दोनदा वाजवायची. ठक... ठक. म्हणजे ‘मी निघाले, माझा वर्ग बघा.’ परत आली की एकदाच — ठक. म्हणजे ‘आले, तुमचं चालू द्या.’ वर्षानुवर्षं हे चाललं. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून झालेलं असलं तरी दोन ठोके ऐकले की माझे पाय आपोआप दाराकडे वळायचे. मुलांनाही त्यात काही नवल वाटेनासं झालं होतं.

एका सकाळी असेच दोन ठोके पडले. मी खडू हातात घेऊनच पडवीत आलो. सुनंदा पायरी उतरत होती. तिच्या पोटात दुखत होतं, माणगावच्या डॉक्टरांना दाखवायला निघाली होती, तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. वळून म्हणाली, “येतेच हो.” माणगावहून पनवेलला नेली. ती शाळेत परत आली नाही.

तिची जागा अजून रिकामी आहे. चारही वर्ग माझ्या खोलीत बसू लागले. पलीकडे पोषण आहाराचा तांदूळ आणि मोडके बाक ठेवले. मुलगी लग्न होऊन पुण्याला असते, रोज फोन करते, जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो... दिवसभर पोरं असतात म्हणून बरं असतं. पण मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन अंगणात पळाली की मी टेबलावर एकटाच डबा उघडायचो, आणि डावीकडच्या त्या भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून जेवायचो. तो वेळ मला खाऊन टाकायचा, खरं सांगतो.

म्हणून मी माणगावच्या शाळेसाठी बदलीचा विनंती अर्ज केला होता. हायवेजवळची मोठी शाळा, स्टाफरूम आहे, डब्याला चार माणसं आहेत. अर्ज मंजूर होण्यासारखा होता, फक्त माझा शेवटचा होकार कळवायचा होता. अडचण एकच. मी गेलो की आमच्या शाळेवर दुसरं कुणी येईल याची खात्री नव्हती. मूठभर पटाच्या शाळेला कुलूप लागायला एवढं निमित्त पुरतं, आणि मग आमची पोरं पावसाळ्यात ओढा ओलांडून पुढच्या गावात जाणार — किंवा नाही जाणार. चौथीतल्या साक्षीने एकदा दप्तर आवरता आवरता विचारलंच, “गुरुजी, तुमी जानार म्हनं?” मी तिला पाढे म्हणायला लावले.

त्याच दिवसांत फेलोशिपचं पत्र आलं. मुंबईची एक संस्था शाळाशिक्षकांना मोहिमेवर नेते. आमची नेहमीची प्रशिक्षणं म्हणजे हॉल, प्रोजेक्टर, पोहे आणि सही. इथे तसं काही नव्हतं. आठवडाभर संशोधकांबरोबर समुद्रकिनाऱ्यावर राहायचं, गुडघाभर चिखलात उतरायचं, खेकडे-शंख-शेवाळ बघायचं, नोंदी करायच्या. आधी मास्तरांनी शिकायचं, मग पोरांना शिकवायचं. केंद्रप्रमुख म्हणाले, जाऊन या, हवाबदल होईल, आल्यावर माणगावचं काय ते कळवा. आठवडाभर शेजारच्या गावच्या शिक्षिका आमच्या पोरांना बघणार होत्या.

काशीदच्या अलीकडे एका घरात आमची सोय होती. जिल्ह्यातले निरनिराळ्या शाळांचे आम्ही शिक्षक आणि मोहिमेचा प्रमुख अनिकेत, समुद्री जीवांचा अभ्यास करणारा, माझ्या मुलीच्या वयाचा. पोरगा चांगला होता. पण मला गर्दीत जास्तच एकटं वाटतं हे तिथे कळलं. संध्याकाळी सगळे गाणी म्हणायचे, मी कौलावरचं शेवाळ बघत बसायचो.

शेवटून दुसऱ्या दिवशी ‘सोलो’ होता. म्हणजे सकाळच्या ओहोटीला प्रत्येकाने खडकाळ किनाऱ्यावर एकट्याने एका जागी बसायचं. समोर खडकातलं पाण्याचं एकच डबकं, त्यात काय काय घडतं ते बघायचं, चित्र काढायचं. कुणाशी बोलायचं नाही. फोन अनिकेतकडे जमा. तो शिट्टी वाजवेल तेव्हाच उठायचं. नियम अगदी स्पष्ट होते, आणि शिक्षकांना स्पष्ट नियम दिले की ते किती पाळतात हे ज्याने आमची प्रशिक्षणं पाहिली त्याला ठाऊक असेल. वरून सांगितलं की आम्ही करतो.

मला मिळालेली जागा एका उंच काळ्या खडकाच्या आडोशाला होती. खडक माझ्या डाव्या हाताला. त्याच्या पलीकडे म्हात्रे मॅडम, पेणकडच्या एका शाळेच्या, नोकरीला नव्या. त्या मला दिसत नव्हत्या, मी त्यांना. खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन गावाकडे परत निघालेल्या मी पाहिल्या. नंतर किनाऱ्यावर माझ्या नजरेच्या टप्प्यात कुणी उरलं नाही. ऊन चढलेलं, वारा समुद्राकडून माझ्या तोंडावर, लाटांचा एकसारखा आवाज. डबक्यात एक छोटा खेकडा शंख पाठीवर घेऊन इकडून तिकडे जात होता. मी त्याचं चित्र काढत होतो, आणि खरं म्हणजे मनात माणगावला होकार लिहीत होतो. त्या रिकाम्या खोलीशेजारी आता बसवत नाही, बस्स, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

आणि डावीकडून आवाज आला. ठक... ठक.

मी विचार केलाच नाही. करायला वेळच नव्हता. हातातली पेन्सिल तशीच घेऊन मी उठलो आणि पडवीत निघाल्यासारखा त्या खडकाला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे पोचल्यावर मला कळलं की मी कुठे आहे, आणि शिट्टी झालेली नसताना उठलोय.

म्हात्रे मॅडम कमरेपर्यंत पाण्यात होत्या. दोन्ही हातांनी खडक घट्ट धरलेला, तोंड पांढरंफटक. भरती लागली होती. त्यांची बाजू माझ्यापेक्षा सखल, त्यामुळे पाणी तिकडून आधी आत घुसलं होतं. मला बघून त्या आधी रडल्याच. मग म्हणाल्या, “सर, पाय अडकलाय. शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही म्हणाले होते... मना वाटला, सुटंल.”

खडकाच्या फटीत त्यांचा बूट रुतला होता. ओढायला जावं तितका घट्ट बसत होता. मी पाण्यात बसलो, हाताने चाचपडत नाडी शोधली. ओली गाठ सुटता सुटेना. एक लाट माझ्या डोक्यावरून गेली. शेवटी गाठ सुटली, पाय निघाला, बूट तिथेच राहिला. मी त्यांना धरून उंच खडकावर आणलं आणि जिवाच्या आकांताने अनिकेतला हाका मारल्या. तो धावत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. भरतीचा हिशेब त्याने बरोबर केला होता, पण म्हात्रे मॅडमच्या बाजूची ती खडकांमधली घळ पाणी इतक्या लवकर आत घेते हे त्याला माहीत नव्हतं.

सगळं निवल्यावर, चहा पिताना मी म्हात्रे मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, दगडबिगड वाजवला होतात का? त्या म्हणाल्या, नाही, हात सोडले असते तर पडलेच असते. हाका मात्र खूप मारल्या, वाऱ्यात कुणाला गेल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, “पण सर, तुम्ही कसे आलात?” मी म्हटलं, डबक्यात काही दिसेना म्हणून पाय मोकळे करायला उठलो होतो.

दुसऱ्या दिवशी कालवंवाल्या बायकांपैकी एकीला गाठून विचारलं, काल माझ्या मागेपुढे तुमच्यातलं कुणी खडकावर होतं का. तिने मला वेड्यात काढलं. “भरती लागल्यावं कोन थांबनार हाय थितं?”

आता मी विज्ञानाचा माणूस आहे, त्यामुळे माझा मीच उलटतपास घेतला. म्हात्रे मॅडमची एखादी हाक पुसटशी माझ्या कानावर आली असेल, ती मला कळली नसेल, आणि मेंदूने तिचं मला समजेल अशा खुणेत रूपांतर केलं असेल. हे पटण्यासारखं आहे. कुणी दुसऱ्याने असा अनुभव सांगितला असता तर मी त्याला हेच सांगितलं असतं आणि वर पाणी पाजलं असतं. पण मग रोज मधल्या सुट्टीत त्या भिंतीशेजारी डबा खाताना, एक ठोका ऐकू यावा म्हणून जीव तुटत असताना, हा मेंदू कुठे झोपलेला असायचा?

आणि तो आवाज. दगडावर दगड आपटल्याचा नव्हता तो. विटांच्या, गिलावा केलेल्या भिंतीवर लाकूड वाजतं तसा, थोडा पोकळ, आणि पलीकडून ऐकू यावा तसा. पुढच्या एका रविवारी मी पिशवीत डस्टर घालून परत काशीदला गेलो. ओहोटीच्या वेळी, त्याच खडकाशी. मुंबईच्या पर्यटकांनी फोटो काढता काढता एक पिकल्या केसांचा माणूस खडकावर डस्टर आपटून कान लावताना पाहिला असेल, तर तो मी. खडकावर ते नुसतं कोरडं ‘टच’ वाजतं. पन्नास तऱ्हांनी वाजवून बघितलं. तो आवाज एकदाही निघाला नाही. मग पाणी वर येईपर्यंत मी खडकाला टेकून बसलो. ऐकायला बसलो होतो, दुसरं काय. काही आलं नाही.

माणगावला मी नकार कळवला. केंद्रप्रमुखांनी कारण विचारलं, मी म्हटलं पट टिकवायचाय. खोटं नाही ते. साक्षीला सांगितलं, “न्हाय जात कुठं.” ती म्हणाली, “म्हाईत हाय.” तिला कसं माहीत होतं, ते मी विचारलं नाही. दोन मोडके बाक दुरुस्त केले, तांदळाची पोती एका कोपऱ्यात सरकवली. पहिली-दुसरीला आता पलीकडच्याच खोलीत बसवतो आणि मी पडवीत, दोन्ही दारांच्या मध्ये खुर्ची टाकून बसतो. डबाही तिथेच खातो. एकटं वाटायचं थांबलंय असं नाही. पण भिंतीकडे बघून जेवतो.

त्या दिवशी काय झालं ते मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा, मी नीट वाचेन आणि गुण देणार नाही. मला एवढंच माहीत आहे की दोन ठोके पडले की वर्ग बघायचा असतो. एक ठोका पडेपर्यंत जागा सोडायची नसते. तो अजून पडलेला नाही.