तांबडा पंख, हिरवा पंख

आमच्या घरात दोन इस्त्र्या आहेत. एक कपड्यांची आणि एक विमानांची. विमानांच्या इस्त्रीला मी कुणाला हात लावू देत नाही. तिच्या तळाला कपड्याच्या खळीचा एवढासा डाग लागला तरी तो पंखावर उमटतो. शेजारची बाई विचारते, "विमानवाल्या वहिनी, आज मुंबईला की दिल्लीला?" मी हसते आणि दार लोटून घेते.

आमचे हे एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस होते. तिथले एक सर रिमोटवर उडणारी छोटी विमानं करायचे. त्यांच्या हाताखाली हे शिकले. सर वारले, हे निवृत्त झाले, विमानं मात्र राहिली. आम्ही करतो ती बिनइंजिनाची. त्यांना ग्लायडर म्हणतात. डोंगराच्या कड्यावर वारा येऊन आपटतो आणि वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर ती तरंगतात. माणसानं कड्यावर उभं राहून हातातल्या रिमोटनं त्यांना वळवायचं.

लाकडाचा सांगाडा, पंखाची मागची पट्टी हलवणारी काडेपेटीएवढी मोटर, नाकात बसवायची बॅटरी, हे सगळं त्यांचं काम. शेवटी ते विमान दोन बोटांवर तोलून धरतात आणि शेपूट जड वाटली तर नाकात शिशाचा तुकडा घालतात. सांगाड्यावर प्लास्टिकची पातळ रंगीत फिल्म इस्त्रीनं चिकटवायची ते माझं काम. इस्त्री कमी तापली तर सुरकुती राहते, जास्त तापली तर फिल्म आवळते आणि पंख पिळतो. मग ते विमान सरळ उडत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण इस्त्री किती तापली ते मला गालाजवळ धरून कळतं. पंख झाला की हे त्याच्यावरून हात फिरवतात आणि "हं" म्हणतात. एवढंच. मला ते पुरतं.

आधी आमची सगळी विमानं पिवळी असायची. गेल्या उन्हाळ्यात हे फिल्मच्या दोन गुंडाळ्या घेऊन आले. म्हणाले, "डावा तांबडा कर. उजवा हिरवा."

"का?"

"खऱ्या विमानाला बी तसलेच दिवे असत्यात."

मला ते खरं वाटलं. पाऊस-वाऱ्याचे दिवस लागले तेव्हा एका रविवारी हे म्हणाले, "चल तू बी डोंगरावर." मला कधी बोलावलं नव्हतं आणि मीही कधी गेले नव्हते. तिथं पुरुष माणसं असतात. अनोळखी माणसांत उभं राहायचं म्हटलं की हात कुठं ठेवावे तेच मला समजत नाही. पण गेले. एक दातांचे डॉक्टर आहेत, चाळिशीचे, ते विमान उडवायला यांच्याकडूनच शिकलेत. त्यांच्या गाडीतून तुळजापूरच्या अलीकडच्या कड्यावर गेलो. वारा असा होता की पदर दातात धरावा लागला. डॉक्टरांनी विमान डोक्यावर धरून वाऱ्यात सोडलं आणि ते वर चढलं. यांनी मला आपल्या डाव्या हाताला अगदी जवळ उभं केलं होतं. ओठ न हलवता म्हणाले, "कुठला पंख खाली हाय त्ये बघून सांग."

"तुम्हाला दिसत नाही?"

"सांग म्हटलं की."

मी सांगितलं, "तांबडा." त्यांचा अंगठा उजवीकडे गेला आणि विमान सरळ झालं.

तेव्हा मला रंगांचं कळलं. विमान आपल्यापासून लांब जात असेल तर त्याचा डावा तो आपला डावा. पण ते आपल्याकडे तोंड करून आलं की सगळं उलटं होतं. नवी माणसं तिथंच चुकतात आणि विमान पाडतात. मी डावं-उजवं सांगत बसले असते तर दोघंही गोंधळलो असतो. रंग मात्र उलटे होत नाहीत. तांबडा खाली म्हटलं की अंगठा उजवीकडे, हिरवा खाली म्हटलं की डावीकडे. हे सगळं त्यांनी मला न सांगता ठरवलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं. ते चप्पल काढत होते. म्हणाले, "मधोमध डाग हाय. तुझ्याकडं बघितलं तर तुझे कान दिसत्यात, तोंड दिसत न्हाय."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, इंजेक्शनं घेतली तर राहिलंय ते राखता येईल, गेलं ते परत येणार नाही, असं तिथं त्यांना सांगितलं होतं. कडेनं दिसत असल्यामुळे चालताना, जेवताना ते कुणाला ओळखू यायचं नाही. मलाही आलं नाही. आभाळातल्या ठिपक्याकडे पाहिलं की नेमका तोच नाहीसा व्हायचा.

"कुणाला सांगू नको," म्हणाले.

मग दर रविवारी मी जायला लागले. तोंडातल्या तोंडात तांबडा, हिरवा, सरळ, नाक खाली असं चालायचं. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "काकू जप करतात काय हो? म्हणूनच काकांचं विमान पडत नाही." हेही हसले. शनिवारपासूनच मला जेवण जायचं नाही. किलो-दीड किलोची वस्तू वाऱ्याबरोबर किती जोरात येते ते मी पाहिलेलं होतं. कड्याखाली वाट होती आणि वाटेवर माणसं असायची. नका उडवू, असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य मी स्वयंपाक करताना पुष्कळदा म्हटलं, पण त्यांच्यासमोर आलं नाही. विमान वर असताना त्यांचं तोंड मी जवळून बघत होते ना.

आषाढातल्या एका रविवारी वारा फार होता. तीन-चार जण आले होते. मी सांगत होते ते वारा तोंडातूनच उडवून नेत होता. यांनी दोनदा "काय?" म्हटलं. विमान कड्याखाली उतरून वाटेकडे वळलं. तिथं बाभळीखाली एक धनगरीण मूल मांडीवर घेऊन बसली होती, भोवती मेंढरं होती. विमानाचं नाक सरळ तिच्याकडे होतं.

मी ओरडले. "तांबडा! तांबडा खाली! अहो, वर घ्या, वर! बाई आहे तिथं!"

माझा एवढा मोठा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. यांनी विमान उचललं. ते बाभळीच्या शेंड्यावरून गेलं आणि पलीकडच्या झुडपात घुसलं. मेंढरं चारी दिशांना पांगली. सगळे जण विमानाकडे न बघता माझ्याकडे आणि यांच्याकडे बघत होते. जप कसला होता ते त्यांना त्या क्षणी कळलं.

धनगरीण मूल कडेवर घेऊन वर आली. दम लागला होता तरी बोलत होती. "कुणाचं हाय ह्ये? ही बाई वरडली म्हून मी खाली वाकले, न्हायतर पोराच्या डोस्क्यात बसत हुतं की!" मग यांच्याकडे वळली. "म्हातारबा, दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी म्हटलं, आता हे काहीतरी सांगतील, वाऱ्याचं सांगतील. यांनी मान जरा तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं तिला बघितलं आणि म्हणाले, "न्हाय."

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मेंढरं गोळा करायला गेली.

त्यानंतर हे घरात फारसे बोलेनात. एकदा जेवता जेवता म्हणाले, "तुझा आवाज लई मोठा हाय." रागानं म्हणाले की कसं ते मला अजून समजलेलं नाही. त्यांचं गुपित मी माणसांत फोडलं होतं. पण पुन्हा तसं झालं असतं तर मी पुन्हा ओरडले असते. या दोन्ही गोष्टी मनात एकदम राहायच्या आणि इस्त्रीचं काम नीट व्हायचं नाही.

श्रावणात डॉक्टर घरी आले, हातात दोन रिमोट. म्हणाले, "काका, हे दोन एकमेकांना जोडता येतात, वायर लागत नाही. तुम्ही उडवायचं. माझ्या रिमोटवर एक बटण आहे. माझं बोट त्याच्यावर दाबलेलं आहे तोवर विमान तुमचं. मी बोट उचललं की विमान माझ्याकडे येतं. नवशिक्यांना असंच शिकवतात."

"म्हंजे मी नवशिका," हे म्हणाले.

डॉक्टर ओशाळले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून यांचा आवाज आला, "बोट कवा उचलायचं त्ये हिनं सांगायचं. ही 'घ्या' म्हणली तर घ्या. न्हायतर न्हाय."

"शब्द देतो, काका."

मला कुणी विचारलं नाही. चहात साखर दोनदा पडली.

त्या रविवारी डॉक्टरांनी दुसरा कडा निवडला होता. खाली वाट नव्हती, नुसते दगड आणि घाणेरीची झुडपं. आम्ही तिघंच होतो. डॉक्टरांनी एका हातानं रिमोटचं बटण दाबून धरूनच दुसऱ्या हातानं विमान सोडलं, मग यांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. मी डावीकडे. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून मी मोकळ्या आवाजात सांगत होते. तांबडा. सरळ. हिरवा. सरळ. विमान कड्याला धरून लांब गेलं, वळलं, परत आलं. यांच्या कपाळावरची आठी गेली. पुष्कळ दिवसांनी गेली होती.

मग मला डॉक्टरांचं बोट दिसलं. ते बटणावर नव्हतं.

मी 'घ्या' म्हटलं नव्हतं. डॉक्टर आभाळाकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही अंगठे हलत होते. विमान उजवीकडे वळत होतं, हिरवा पंख खाली. सवयीनं तोंडातून गेलं, "हिरवा खाली."

यांचा अंगठा डावीकडे गेला. विमान वळतच राहिलं.

"आता?"

"अजून हिरवाच."

त्यांनी अंगठा पार कडेपर्यंत नेला. "आता?"

'सरळ झालं' एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या अंगठ्याकडे बघून सांगत राहिले असते तर विमान आपल्या हातात नाही हे त्यांना कधीच समजलं नसतं. विमान सुरक्षित होतं, डॉक्टरांचा हात चांगला, खाली माणूस नाही. हे खूश होऊन घरी आले असते आणि मी दर शनिवारी पोटभर जेवले असते. माझ्या जिभेवर आलं होतं.

"हिरवाच खाली आहे," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही अंगठे उचलले. रिमोट ताटासारखा हातांवर धरून उभे राहिले. "आता?"

"सरळ झालं. आता तांबडा. वळतंय."

मग त्यांनी मला विचारलं, "तू 'घ्या' म्हणलीस?"

"नाही."

"हळू बी?"

"हळूही नाही."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांकडे न वळता म्हणाले, "डॉक्टर, बोट."

"काका, वारा वाढला होता, मला वाटलं..."

"बोट."

डॉक्टरांनी बोट दाबलं. विमान पुन्हा यांचं झालं. त्यांनी ते आणखी एक फेरी नेलं आणि म्हणाले, "उतरवतो." मी सांगत गेले, ते ऐकत गेले. जमिनीजवळ आल्यावर माझे शब्द विमानापेक्षा मागे पडायला लागले. ते घाणेरीत शिरलं आणि हिरवा पंख मुळाशी मोडला. गाडीत डॉक्टर दोनदा "सॉरी काका" म्हणाले. दुसऱ्यांदा हे बोलले, "तुमचं काय चुकलं न्हाय. मी बी त्येच केलं असतं."

मोडलेला पंख त्यांनी बोटांनी चाचपत दुरुस्त केला. लाकडाच्या पट्ट्या नव्या बसवल्या, गोंद वाळू दिला. मग माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ह्येला बी तांबडीच लाव."

दोन्ही पंख तांबडे म्हणजे मला सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि मी सांगितलं नाही तर त्यांना उडवता येत नाही. ते मला कळलं आणि त्यांनाही ते मला कळलेलं कळलं. मला हलकं वाटलं, हे खरं आहे. बाभळीखालची ती बाई आणि तिचं पोर अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाहीत. इस्त्री तापेपर्यंत मी तांबडी गुंडाळी काढली, कापायला घेतली. मग ती गुंडाळून ठेवली आणि हिरवी काढली. का काढली ते मला लिहिता येईना म्हणून लिहीत नाही. मी एवढंच केलं की सावकाश, एकही सुरकुती न ठेवता पंख मढवला.

त्यांनी तो खिडकीपाशी नेला. समोर धरला, मग बाजूला धरला, मान तिरकी केली. बराच वेळ बघत होते.

"हिरवा हाय ह्यो."

"हो."

"तांबडा सांगितला हुता मी."

"सांगितला होता."

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. टोकापाशी थांबले. "हितं सुटलीया," म्हणाले आणि पंख माझ्याकडे दिला. मी इस्त्री गालाजवळ धरून बघितली आणि पुन्हा कडेवर टेकवली.