उशाशी ठेवलेला तांब्या

"ताईनं जगात पहिल्यांदा सांगितलं ते मला. दाजींना कशाचा पत्ताच नव्हता." पाचोडला राहणारी माझी मेहुणी घरातल्या बायका जमल्या की हे ठासून सांगते. माझी पत्नी ते खोडून काढत नाही, म्हणून ते काम मला करावे लागत आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. "लिहा," म्हणाली, "पण नीट लिहा."

तिची पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत ती माझ्यापासून अंतर राखू लागली. जवळ जावे तर अंग चोरून घेई. एका संध्याकाळी मेथी निवडताना, मान वर न करता, ती म्हणाली, "अहो, मला आजकाल लई कोरड पडते."

कोरड पडते ती घशाला, एवढेच मला ठाऊक होते. त्या दिवसापासून मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवू लागलो. बायकोची एवढी काळजी कोण घेतो, असा अभिमानही बाळगला. ती तांब्याकडे पाही, मग माझ्याकडे, आणि कूस बदलून झोपे.

महिन्याभराने मेहुणी राहायला आली. दुसऱ्याच दिवशी दोघी दार लोटून बोलत बसल्या. आतून पत्नीचे हसणे ऐकू आले. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यापाशी तशी मोकळी हसल्याचे मला आठवेना. मला मत्सर वाटला. सौम्य शब्द मी शोधणार नाही. मग दोघी डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. मीही चपला घातल्या, तर मेहुणी म्हणाली, "दाजी, तुम्ही पेपर वाचा. हे बायकांचं हाय."

परतल्यावर पत्नीने मला सर्व सांगितले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, योनीमार्गाची त्वचा पातळ व कोरडी पडते, म्हणून ती आग आणि ते दुखणे. तिथे सुगंधी साबण लावायचा नाही, संबंधाच्या वेळी ओलावा देणारी जेली वापरायची, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेले मलम त्यांनी सांगितले तसेच लावायचे. काही आठवड्यांत तिला आराम पडला.

मलमाची दुसरी ट्यूब आणायला मी हट्टाने स्वतः गेलो. औषधवाला ती वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तेव्हा मी भर दुकानात विचारले, "खोकल्याचं औषधही असंच गुंडाळता का?" मेहुणी हा भाग कधीच सांगत नाही. ती एवढेच म्हणते, "दाजींनी तांब्या मात्र झ्याक भरला हां!"

मला कळले नाही, हे मी मान्य करतो. परंतु वाद कोणाला कळले याचा नाही. तिने विश्वासाने आधी कोणाला सांगितले, याचा आहे. तर मेहुणीने आठवून पाहावे: पाचोडच्या बसमधून उतरून ती घामाघूम घरात शिरली, बहिणीशी एक शब्दही बोलण्याआधी घटाघटा पाणी प्यायली, आणि ते पाणी बहिणीच्या उशाशी महिनाभर आधीपासून ठेवलेल्या तांब्यातले होते.