कॉम्प्युटरमधल्या दोघी

माझी बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि कॉम्प्युटरच्या मते ती एक नसून दोन बायका आहेत. हे आम्हाला कळलं ते तिनं प्रोफेसरपदासाठी अर्ज केला तेव्हा. शोधनिबंध किती आणि सायटेशन्स किती, म्हणजे त्या निबंधांचा आधार इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा घेतला, हे अर्जात भरायचं होतं. तिनं भरलं. चार दिवसांनी ऑफिसातल्या क्लार्कचा फोन आला, "मेडम, सिस्टम में आप दो जने दिखरे. आप कौनसे वाले?"

ती हसली. मी मात्र पेटलो. त्या ऑफिसाचा, त्या सिस्टमचा आणि कारण नसताना त्या बिचाऱ्या क्लार्कचाही उद्धार करून झाला, तेव्हा तिनं शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवला. एका नावावर लग्नानंतरचे सगळे पेपर होते. दुसऱ्या, माहेरच्या नावावर फक्त तीन. पण त्यातल्या एकट्या एका पेपरची सायटेशन्स बाकी सगळ्यांना भारी होती. गौलीगुड्याच्या माहेराहून डबा घेऊन ती लॅबला जायची, तेव्हाचं ते काम. घातक द्रावक टाळून साध्या पाण्यात घडवून आणलेली एक अभिक्रिया. अजून कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्या पेपरचा आधार घेतात. ती बाई आणि कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहणारी ही बाई एकच, हे त्यांना कसं कळावं?

नाव बदललं कुणी? मीच. तिचं माहेरचं नाव आणि माझ्या आईचं नाव एकच होतं. आई म्हणाली, सासू-सुना एका नावाच्या नकोत, हाक कुणाला मारली ते कळायचं नाही. लग्नात मुलीचं नाव बदलायची आमच्याकडे रीत होतीच. मी हौसेनं नवं नाव निवडलं, ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं, आणि अक्षर झकास आलं म्हणून मित्रांची शाबासकीही घेतली. ती मान खाली घालून बघत होती. मला वाटलं, आवडलंय. विचारलं मात्र नाही.

मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी बघतो. लेबल चुकलं की चांगला मालही परत पाठवतो, वर चार शब्द सुनावतो. बाहेर असे नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसानं घरात काय करून ठेवलं होतं, ते आता स्क्रीनवर दिसत होतं.

दोन्ही नावं एकत्र करायला पुरावा लागतो. लग्नाचा दाखला शोधला, स्कॅन केला, सायटेशन्स मोजणाऱ्या वेबसाइटला पाठवला. 'दाखला मिळाला, तपासतो आहोत' एवढंच उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर अर्जाची मुदत संपली होती. तिनं खुलाशाचं पत्र जोडलं होतं, पण समितीनं सांगितलं की सिस्टममध्ये दिसेल तेवढंच धरू. जागा दुसऱ्याला गेली.

त्या संध्याकाळी ती घरी आली, कुकर लावला आणि मला म्हणाली, "तुमची चूक नाही हो. मी तरी कुठं नाही म्हटलं होतं?" त्यापेक्षा तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी घशाखाली गेलं असतं.

पुढे एका रविवारी सकाळी ईमेल आली. खाती जोडली होती. आता मुख्य नाव कोणतं दाखवायचं तेवढं सांगा. तिनं माझ्याकडे न बघता माहेरचं नाव टाइप केलं. सगळे पेपर एकाखाली एक आले. मला फार बरं वाटलं, आणि तेवढ्यात जीभ घसरलीच. आई समोर बसून शेंगा सोलत होती. तिला म्हणालो, "बघ आई, तुझ्या नावापायी हिचं प्रोफेसरपद गेलं."

बोललो आणि लाज वाटली. आईचे हात थांबले.

"हौ रे," ती म्हणाली, "मीच म्हणले होते. पण असं काही होतंय हे मला काय ठाऊक? आणि हे नाव माझं तरी कुठं आहे? तुझ्या वडलांनी ठेवलेलं, लग्नात."

बायको कॉम्प्युटर सोडून उठली आणि आईजवळ खाली बसली. "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. मग वर्गात हजेरी द्यावी तसं हळूच सांगितलं.

मी छप्पन वर्षांचा आहे. आईचं नाव मला त्या दिवशी कळलं.