अठ्ठावन्न किलो

काटेवाल्यांनी तीस वर्षांत कुणाला एकदाही खोटं वजन सांगितलं नाही. मोठ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा वजनकाटा होता आणि त्याच्या काचेच्या खोलीत ते बसत. गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी. वजाबाकी केली की माल. ड्रायव्हर लाडीगोडी लावून बघत, डोळे वटारून बघत, पण हा गडी ढिम्म हलायचा नाही. काट्यामागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर. संध्याकाळी आत पाऊल टाकलं की बायको विचारायची, "काय म्हणतो काटा?" आणि ते म्हणायचे, "खरं तेच म्हणतो." एवढीच त्यांची थट्टा, पण लग्नाइतकी जुनी.

मग एका सकाळी चहा गाळता गाळता बायको ओट्यापाशीच कोसळली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. थट्टा तेवढी शाबूत राहिली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर, असं दिवसातून सहा-सात वेळा तिला उचलायचं काम काटेवाल्यांकडे आलं. तिचं वजन अठ्ठावन्न किलो. त्यांचं चौऱ्याण्णव, आणि त्यातलं बरंचसं पोटातच. तिला उचललं की त्यांना धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे. डॉक्टर तोंडाचे फटकळ होते. म्हणाले, "पंधरा-वीस किलो चरबी उतरवा. नाहीतर उद्या तुम्हालाच उचलायला माणूस ठेवावा लागेल."

परगावी दिलेल्या मुलीने तर मुदतच घातली. "बाबा, सहा महिने बघू. नाही जमलं तर आईला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. तिथं माणसं आहेत, यंत्रं आहेत." केंद्राचं नाव निघालं की बायको भिंतीकडे तोंड फिरवायची. ते भिंतीकडे वळलेलं तोंड बघून काटेवाल्यांनी ठरवलं, काही झालं तरी ही या घरातून जाणार नाही.

टायरच्या दुकानावर एक व्यायामशाळा होती. ती चालवणारी बाई तरुणपणी वजनं उचलायच्या स्पर्धा जिंकलेली. सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिने विचारलं, "कशाला बारीक व्हायचंय, काका?"

"बायकोला उचलायला."

मास्तरणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तर नुसतं पळून भागायचं नाही. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची. आधी वजनं, अंगात दम असतो तेव्हा. मग वीस मिनिटं भरभर चालायचं. आणखी दोन दिवस हवं तर पळा, पण बेतानं. आणि डाळ, अंडी, दूध नीट खायचं. उपाशीपोटी पळत सुटलात तर चरबीबरोबर मांसही झडेल. मग उचलणार कशानं?"

तीन आठवडे त्यांनी सांगितलं तसं केलं. घरातल्या लहान काट्यावर वजन चौऱ्याण्णवचं साडेचौऱ्याण्णव झालं. मास्तरीण म्हणाली, "काट्याकडे बघू नका, पट्ट्याकडे बघा." पट्टा खरोखरच एक भोक आत गेला होता. पण ज्याने जन्मभर काट्यावरच विश्वास ठेवला त्याला पट्ट्याचं काय कौतुक! पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी व्यायामशाळा सोडली, बूट घेतले आणि पळायला लागले. सकाळी चार किलोमीटर, संध्याकाळी चार. जेवण निम्म्यावर आणलं. आणि आकडा उतरला की हो! नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी.

ड्रायव्हर काच ठोकून म्हणायचे, "काटेवाले, पोट कुठे विकलंत?" हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसे काटेवाले त्या आकड्यामागे लागले.

बायको मात्र डाव्या हाताने त्यांचा दंड चाचपायची. "दंड... कुठे गेले?"

"चरबी होती ती, गेली."

याच माणसाने किती ड्रायव्हरांना सुनावलं होतं, की काटा वजन सांगतो, आत काय भरलंय ते सांगत नाही! स्वतःच्या अंगातून कोणता माल उतरतोय हे काही त्यांनी विचारलं नाही. हल्ली तिला उचलायला दोनदा हिसका द्यावा लागतो, हे त्यांना जाणवायचं. वय झालं, म्हणून ते सोडून द्यायचे.

पाचव्या महिन्यात मुलगी आली. काटेवाले चौऱ्याहत्तरवर आले होते. "बघ आता," म्हणत त्यांनी तिच्यासमोर बायकोला पलंगावरून उचललं. खुर्ची दोन पावलांवर होती. एक पाऊल पडलं आणि हात थरथरायला लागले, कोपर सुटलं, ती त्यांच्या हातांतून निसटली आणि कमरेवर फरशीवर आपटली. ते तिच्या शेजारीच गुडघ्यांवर बसले, तिच्या बगलेत हात घालून ओढत राहिले. ती तसूभर हलली नाही. शेवटी काट्यावर गाडी लावलेल्या दोन ड्रायव्हरांनी येऊन तिला उचललं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलीने दवाखान्यातूनच केंद्राला फोन लावला. दवाखान्यातून गाडी परस्पर केंद्राकडे गेली. उतरवून घेताना बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही... जेवत जा."

दुसऱ्या दिवशी काटेवाले टायरच्या दुकानावरचा जिना चढले. मास्तरणीने वजनं न लावलेला रिकामा दांडा त्यांच्या हातात दिला. तीन दिवस वजनं, दोन दिवस पळणं, रोज पोटभर डाळ आणि अंडी. पळणं जिवावर यायचं नाही, वजनं यायची. तरी एकही दिवस चुकवला नाही. रविवारी केंद्रात जायचे, तेव्हा बायको गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेली असायची. घरातला काटा त्यांनी माळ्यावर टाकला. सहा महिन्यांनी जमिनीवरून साठ किलो उचलायला लागले, सलग आठ वेळा. मुलीला फोन केला, "आईला आणतो."

"आधी तिथल्या नर्सबाईंसमोर उचलून दाखवा," मुलगी म्हणाली. आवाज मऊ होता.

केंद्रातल्या खोलीत चार पलंग होते. बायको खिडकीजवळच्या पलंगावर. नर्सबाई हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली. काटेवाल्यांनी मास्तरणीने शिकवल्याप्रमाणे पाय रोवले, पाठ ताठ केली, एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि श्वास घेऊन साठ किलोंचा जोर लावला.

ते मागेच झोकांडले. तिच्यात वजनच नव्हतं. पाठीची हाडं तळव्याला टोचत होती. तीस वर्षं तोलण्यात घालवलेल्या माणसाला आकडा सांगावा लागत नाही. एक्केचाळीस, फार तर बेचाळीस. एवढं तर ते तेव्हाही उचलू शकले असते, त्या पळून पळून वाळलेल्या हातांनीसुद्धा.

बायकोने डावा हात त्यांच्या दंडावर ठेवला, दाबून बघितला. तोंड वाकडं करून हसली. "आले... दंड." मग कितीतरी महिन्यांनी तिने विचारलं, "काय म्हणतो... काटा?"

"अठ्ठावन्न," काटेवाले म्हणाले.