म्हशीने दिलेली सुट्टी

माझ्या माहेरी पहिला मान म्हशीचा. मग बाबांचा, मग आल्यागेल्याचा. आईचा नंबर लागेपर्यंत धारेची वेळ झालेली असे. कऱ्हाडजवळच्या त्या गोठ्यात म्हशी बदलल्या, नियम बदलला नाही. म्हैस आईशिवाय कोणाला पान्हवायचीच नाही. आजी, म्हणजे बाबांची आई, होती तोवर ती आईची साडी नेसून गोठ्यात जायची. साडीच्या वासाला म्हैस फसायची आणि आईला दोन दिवस माहेर मिळायचं. आजी गेली, घरात दुसरी बाई उरली नाही, आणि तेव्हापासून आई एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. माझ्या बाळंतपणालाही ती सिंगापूरला आली नाही. सासूबाई आल्या, डिंकाच्या लाडवांसकट आणि सूचनांसकट. मला त्या म्हशीचा मनापासून राग होता.

माझी लेक आठ वर्षांची झाली, त्या डिसेंबरच्या सुट्टीत आई एकदाची आली. बाबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "धारेचं मी बघतो. संक्रांतीपर्यंत राहा." बाबांनी कधी स्वतःचा चहासुद्धा गाळून घेतलेला मी पाहिला नव्हता. पण तिकीट काढून झालं होतं, म्हणून मी गप्प बसले.

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई मजेत रुळली. खालच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये दुसऱ्याने केलेला चहा बसून प्यायचा, एवढंच तिचं पर्यटन. एका मॉलसमोर नाताळचा बर्फ पाडतात म्हणून आम्ही तिला तिकडे नेलं. माणसं घामाने निथळत होती आणि वरून पांढरा फेस पडत होता. आईने तो बोटावर घेऊन हुंगला.

"हा तर साबण आहे. कपडे कुठायत?"

"आजी, जस्ट प्रिटेंड लाह," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

नाताळच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. "म्हैस पान्हा चोरतेय. असंच चाललं तर आटेल. तिला लगेच पाठव."

मी चिडले, पण आईने तोवर बॅग काढली होती.

"अगं, मुकं जनावर आहे ते," ती म्हणाली.

"आणि तू कोण आहेस?"

ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी दातओठ खात मी तिचं परवाचं तिकीट काढलं.

नाताळच्या संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली ऑस्ट्रेलियन बाई आमच्याकडे जेवायला येणार होती. गोठ्यात वाढलेली ही बाई आता ऑफिसात बसायची आणि त्या वर्षी तिला रजा मिळाली नव्हती. आईने पुरणपोळ्या केल्या. शेजारणीने फळांचं थंडगार ट्रायफल आणलं, कारण तिच्या मते असल्या उकाड्यात ओव्हन लावणारा माणूस वेडा, आणि तिची आई दरवर्षी लावायची. त्यांच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात. जेवणावर माशा, अंगाची लाही, आणि पोरांनी भेटी उघडायच्या त्या सकाळच्या धारा आटोपल्यावर. गाईंना नाताळ कळत नाही ना!

मी हे मराठीत सांगताच आई खुलली. "तिला सांग, वसुबारसेलासुद्धा शेण मीच काढते."

मग शेजारीण घरच्या दुधासाठी ठेवलेल्या एका गाईबद्दल सांगू लागली. ती गाय फक्त तिच्या आईला दूध द्यायची. एका नाताळात तिची आई पाय मोडून दवाखान्यात पडली, तेव्हा बापाने आईचा फुलाफुलांचा झगा चढवला आणि बादली भरून आणली.

आईचा घास हातातच राहिला. "बाप? पुरुष माणूस?"

"हो, पुरुष. मिशीवाला," मी विचारून सांगितलं.

आईने माझा फोन घेऊन बाबांना लावला. गावाकडे तीच धारेची वेळ होती. "अहो, खुंटीवर माझी हिरवी साडी आहे. नेसा."

पलीकडे बराच वेळ खाकरणं चाललं. कोणी बघितलं तर, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, वगैरे. "गोठ्याचं दार लावा आणि नेसा," आई म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने बाबांचा व्हिडिओ कॉल आला. फोन गव्हाणीवर टेकवलेला. पायजम्यावर कशीबशी गुंडाळलेली हिरवी साडी, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. म्हशीने हुंगलं, कान हलवले, आणि बादलीत धार वाजू लागली.

"आजोबा सो प्रिटी लाह!" लेक किंचाळली. शेजारीण डोळे पुसत हसत होती. मी तर जमिनीवर बसले.

आई पण हसली. मग थांबली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी रोज संध्याकाळी धारेला परत येत होते. शेवटच्या रात्रीसुद्धा मी गोठ्यात होते. आणि साडी तिथंच खुंटीवर होती."

बाबांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मला त्यांची दया आली नाही.

धार संपली. बाबा बादली उचलून हळूच म्हणाले, "मग उद्या विमानतळावर येऊ ना?"

"नको," आई म्हणाली. "आणि साडी धुऊ नका. वास जाईल."