अन्सेल्मोच्या तोंडातले खिळे

अन्सेल्मो पेदेर्नेरा सोफे-कोच मढवायचा आणि खिळे तोंडात धरायचा. एका हातात हातोडी, दुसऱ्यात ताणलेलं कापड, मग खिळे ठेवणार कुठे? चाळीस वर्षांत त्या तोंडातून ‘हं’च्या पलीकडे फारसं काही बाहेर पडलं नव्हतं. बायको होती तोवर ती त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. सहा वर्षांपूर्वी पोरगी दारात येऊन म्हणाली, “बाबा, मी कोर्दोबाला चालले. कायमची.” तेव्हाही हा शहाणा ‘हं’ म्हणाला आणि पुढचा खिळा ठोकला. आता त्याच पोरीची, रोसाउराची, चिठ्ठी आली होती. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. बोलणार असाल तर या, नुसतं बसायला येऊ नका.

फेब्रुवारी, म्हणजे तिथला भर उन्हाळा, हा त्याच्या धंद्याचा हंगाम. ब्युनोस आयर्समधले झाडून सगळे मानसोपचारवाले महिनाभर समुद्रावर जाऊन पडतात आणि जाताना पेशंटला आडवं पाडून बोलतं करायचे आपले कोच अन्सेल्मोकडे मढवायला टाकतात. पेशंट मात्र इथेच उकाड्यात तळमळत राहतात.

त्यांतल्याच एक नेलिदाबाई शुल्मान गुरुवारी दुकानात शिरल्या. हिरवा कोच त्यांनी लांबूनच ओळखला.

“हा आमच्या डॉक्टरांचा! अकरा वर्षं रडतेय मी यावर. उस्ताद, दहा मिनिटं पडू का हो?”

अन्सेल्मो नाहीच म्हणणार होता, पण तोंडात खिळे. “हं,” तो म्हणाला.

बाई लगेच आडव्या. “माझी बहीण माझ्याच पार्लरमध्ये जाते, माझ्यासारखेच केस कापून घेते! संताप येणार नाही माणसाला?”

“हं.”

“येणारच! पण ते पार्लर तिला दाखवलं कुणी? मीच! का दाखवलं असेल मी?”

“हं?”

बाई हळूच म्हणाल्या, “एकटीला जायचा कंटाळा येतो म्हणून.” उठून त्यांनी डोळे पुसले. “उस्ताद, डॉक्टरांनाही इतकं छान गप्प बसता येत नाही!”

झालं, अन्सेल्मो भडकला. खिळे हातावर काढून म्हणाला, “मी गप्प बसत नाही, बाई! मला बोलताच येत नाही! आणि तुमच्या त्या डॉक्टरांनी तरी गप्प बसून काय दिवे लावले?”

“सल्ला देत नाहीत, हेच खूप आहे. मधे कुणी तोंड घालत नाही, मग आपलं आपल्याला ऐकू येतं. पडा बघू तुम्ही.”

“मी? मला काय वेड लागलंय?”

“मग मला लागलंय का? पडा म्हणते ना!”

चपला काढून अन्सेल्मो पडला. त्याने वर पाहिलं. “पंखा पुसायला झालाय,” तो म्हणाला.

“बरं.”

“पोरीची चिठ्ठी आलीय. बोलणार असाल तरच या म्हणते.”

“अहो, मग जा ना! आजच फोन करा! मी तुमच्या जागी असते तर...”

अन्सेल्मोचं तोंड मिटलं. बाईंनी कपाळावर हात मारला. त्याच्या तळहातावरचे खिळे उचलले, रुमालाने खसाखसा पुसले आणि सरळ स्वतःच्या तोंडात टाकले.

“हं,” त्या म्हणाल्या.

पंखा फिरत होता.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “मला तिला थांब म्हणायचं होतं.”