नोटपॅड आणि वाफ्याचं दार

आज सोसायटीच्या माळ्यानं बागेत पाणी सोडलं आणि ओल्या मातीच्या वासानं मी थेट नव्वदच्या दशकातल्या इंदापुरात जाऊन पोचले.

माझे वडील, आबा, कांद्याला पाणी देऊन चिखलाच्या पायांनीच आमच्या कॉम्प्युटर क्लासात आले होते. बावड्याहून रोज एसटीनं येणाऱ्या पोरीला, म्हणजे मला, पुढं शिकवायचं का, ते ठरवायला. बाकीचे माउसनं चित्रं ओढून झटपट वेबपान बनवत होते. सरांनी मला मात्र कॉम्प्युटरवरचं साधं नोटपॅड दिलेलं, पानाची एकेक खूण हातानं टाइप करायला, म्हणून मी आधीच धुसफुसत होते. त्यात आबांसमोर पान उघडलं, तर फक्त पहिली ओळ जाड हवी असताना तिच्याखालचा सगळा मजकूरही जाडजूड!

सर म्हणाले, "जाड अक्षराची खूण सुरू केलीस, बंद करायची राहिली."

आबा पडद्यावर वाकले. "म्हंजी वाफ्याचं दार बुजवायचं राह्यलं व्हय? मग पाणी पुढं पसरणारच की!"

मी खूण बंद केली. पान ताळ्यावर आलं.

"यिऊ द्या हिला रोज," आबा सरांना म्हणाले.

तेव्हा मला त्यांच्या पायांची लाज वाटली होती. आज वाटतं, पान आपोआप बनलं असतं तर आबांना ते कळलं नसतं, आणि मला आबा.